दार, खोली आणि खुर्ची : विद्यार्थी-चित्रपटाचा पहिला सराव

शाळा-महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनात पूर्वी एकांकिका हमखास असे. आता तिच्या जोडीला विद्यार्थ्यांनी तयार केलेला लघुपटही असतो. पाण्याची बचत, बालविवाह, व्यसनमुक्ती, गावचा इतिहास असे त्यांचे विषय असतात. ग्रामपंचायती आणि शासकीय कार्यालयेही आपल्या उपक्रमांच्या चित्रफिती अनेकदा अशाच हौशी तरुणांकडून करून घेतात. कॅमेरा ही दुर्मिळ वस्तू राहिलेली नाही. ती बहुतेकांच्या खिशात आहे. तथापि असे लघुपट पाहताना प्रेक्षक लवकरच चुळबुळ करू लागतात, हा अनुभव अनेक शिक्षकांनी घेतला असेल. विषय चांगला असतो, तळमळ खरी असते, चित्रेही स्पष्ट असतात. परंतु एका चित्रातून दुसऱ्या चित्रात जाताना काहीतरी अडखळते. आत्ता उजवीकडे निघालेला माणूस पुढच्याच क्षणी डावीकडे चाललेला दिसतो. संवाद बोलणारे दोघे एकमेकांकडे न पाहता तिसऱ्याच कोणाकडे पाहत आहेत असे वाटते. प्रेक्षकाला दोष नेमका सांगता येत नाही, पण त्याचे लक्ष विषयावरून उडते.

हा दोष यंत्राचा नाही, सरावाच्या अभावाचा आहे. चित्रपटाचे रीतसर शिक्षण जेथे दिले जाते तेथे विद्यार्थ्याला कथा सांगण्याची मुभा देण्यापूर्वी सलगतेचा, म्हणजेच कंटिन्युइटीचा, सराव करावयास लावतात. तुकड्यातुकड्यांनी चित्रित केलेली क्रिया पडद्यावर मात्र एकसंध घडत आहे असे वाटणे, ही सलगता होय. कॅमेरा एकदा सुरू करून बंद करेपर्यंत जे अखंड चित्रण होते त्यास शॉट म्हणतात. असे शॉट निवडून, कापून, योग्य क्रमाने जोडण्याचे काम म्हणजे संकलन. कॅमेरा चालविणे आणि संकलन ही दोन कामे निरनिराळ्या व्यक्ती करीत असल्या तरी ती मुळात एकच विद्या आहे. संकलकाला जे जोडायचे आहे ते छायालेखकाने आधी टिपलेले नसेल, तर कोणतेही यंत्र ते निर्माण करू शकत नाही.

डोळ्यांनी शिकलेले व्याकरण

सलगता आज आपल्याला इतकी अंगवळणी पडली आहे की ती कोणी तरी शोधून काढली असेल असे वाटतही नाही. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची हलती चित्रे प्रथम दाखविण्यात आली, तेव्हा एक चित्र म्हणजे एकच शॉट असे. कॅमेरा एका जागी ठेवावयाचा आणि समोर घडेल ते फीत संपेपर्यंत टिपावयाचे, एवढीच रीत होती. जोडण्याचा प्रश्न नव्हता, म्हणून सलगतेचाही नव्हता.

पुढे १९०३ मध्ये अमेरिकेत एडविन पोर्टर यांनी आग विझविणाऱ्या बंबवाल्याच्या जीवनावर एक चित्रपट केला. त्याच्या अखेरीस जळत्या घरातून आई आणि मूल यांची सुटका होते. पोर्टर यांनी ती सुटका आधी खोलीच्या आतून पूर्ण दाखविली आणि नंतर तीच सुटका रस्त्यावरून पुन्हा पहिल्यापासून दाखविली. बंबवाला दोनदा वर चढतो, आई दोनदा वाचते. पुढील काळात कोणीतरी त्या चित्रपटाची एक प्रत आतले-बाहेरचे तुकडे आलटून-पालटून जोडून 'सुधारली', आणि ती पाहून पोर्टर यांनीच ही जोडणी प्रथम केली असा समज अभ्यासकांत बराच काळ टिकून राहिला. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपलेल्या मूळ कागदी प्रतीवरून खरा प्रकार स्पष्ट झाला. सांगावयाचा मुद्दा हा की, आज दहा वर्षांच्या मुलाला जे सहज कळते ते त्या काळच्या कुशल चित्रपटकारालाही सुचलेले नव्हते. हे व्याकरण आहे, आणि कोणत्याही व्याकरणाप्रमाणे ते सरावाने येते.

एका मिनिटाचा चित्रपट

सरावाचा सर्वात रूढ पाठ अगदी साधा असतो. एक व्यक्ती दार उघडते, खोली ओलांडते, दुसऱ्या व्यक्तीच्या समोरच्या खुर्चीवर बसते आणि दोघांत एकदोन वाक्यांची देवाणघेवाण होते. बस्स. यात ना कथा आहे, ना संदेश. विद्यार्थ्यांना हे प्रथम कंटाळवाणे वाटते. परंतु मानवी हालचाल, दिशा, नजर आणि ध्वनी या चारही गोष्टी एवढ्याशा प्रसंगात येऊन जातात.

आपल्या वाचकांच्या परिचयाचे स्थळ घेऊ. एक शाळकरी मुलगी हातात अर्ज घेऊन ग्रामपंचायतीच्या कार्यालयात येते. समोर टेबलामागे सरपंच बसल्या आहेत. मुलगी बसते आणि म्हणते, "काकू, शाळेच्या नळाला चार दिवस झाले पाणी नाही." सरपंच विचारतात, "अर्ज आणलास का गं?" येथे चित्रपट संपतो.

हा प्रसंग आठनऊ शॉटमध्ये घ्यावा. व्हरांड्यातून दाराकडे येणारी मुलगी. कडीवर पडलेला तिचा हात. आतून दिसणारे दार आणि आत येणारी मुलगी. संपूर्ण खोली, तिच्यात टेबलाकडे जाणारी मुलगी. बसण्याची क्रिया एकदा दुरून आणि एकदा जवळून. मग मुलीचा चेहरा, सरपंचांचा चेहरा आणि शेवटी टेबलावर ठेवला जाणारा अर्ज. चित्रणापूर्वी खोलीचा आराखडा कागदावर काढून प्रत्येक शॉटसाठी कॅमेरा कोठे राहील ते क्रमांकाने दाखवावे. जो गट हा कागद न करता चित्रणास लागतो तो दुपारपर्यंत थकतो, आणि संध्याकाळी त्याच्याकडे मुलीच्या चेहऱ्याचे सात शॉट असतात व कडीवरच्या हाताचा एकही नसतो.

कल्पित रेषा

आता दिशेचा विचार. मुलगी आणि सरपंच यांना जोडणारी एक सरळ रेषा जमिनीवर ओढलेली आहे असे मानावे. कॅमेरा या रेषेच्या एकाच अंगास राहिला पाहिजे. त्या अंगाच्या अर्धवर्तुळात, म्हणजे १८० अंशांत, तो कोठेही न्यावा. रेषा मात्र ओलांडू नये. कबड्डीचा सामना पाहणाऱ्यास हे चटकन उमगेल. मैदानाच्या एका बाजूस बसले असता चढाई करणारा खेळाडू डावीकडून उजवीकडे जातो. उठून समोरच्या बाजूस गेलो की तोच खेळाडू त्याच चढाईत उजवीकडून डावीकडे जाताना दिसेल. आपण स्वतः चालत गेलेलो असतो म्हणून गोंधळत नाही. पडद्यासमोरचा प्रेक्षक मात्र जागचा हललेला नसतो. त्याला वाटते, खेळाडूच उलटा फिरला.

मुलगी पडद्याच्या डावीकडे बसून उजवीकडे पाहते आणि सरपंच उजवीकडे बसून डावीकडे पाहतात, हे एकदा ठरले की दोघींचे चेहरे स्वतंत्र शॉटमध्ये आले तरी नजरा एकमेकींना भिडतात. रेषा ओलांडून सरपंचांचा चेहरा घेतला तर त्याही उजवीकडेच पाहतील आणि दोघी मिळून दाराबाहेरच्या कोणा तिसऱ्याला पाहत आहेत असा भास होईल. हीच दक्षता चालण्याबाबतही घ्यावी. व्हरांड्यात मुलगी डावीकडून उजवीकडे चालली असेल तर आत शिरतानाही तिने डाव्या अंगाने प्रवेश करावा.

दुसरा संकेत कोनाचा. एकाच व्यक्तीचे दोन शॉट लागोपाठ जोडावयाचे असतील तर दोहोंमध्ये कॅमेऱ्याचा कोन निदान ३० अंशांनी बदलावा आणि शक्यतो अंतरही बदलावे. ३० अंश म्हणजे किती, असे मुले विचारतात. घड्याळाच्या तबकडीवर दोन लगतच्या तासांमध्ये जेवढा कोन असतो तेवढा. त्याहून कमी बदल केला तर कॅमेरा हलल्याचे न जाणवता माणूसच जागच्या जागी दचकल्यासारखा दिसतो.

हालचालीवर काप

सरावाचा गाभा मात्र बसण्याच्या क्रियेत आहे. ही क्रिया दुरून आणि जवळून, अशी दोनदा घ्यावी लागते. येथे जवळजवळ प्रत्येक नवखा गट एकच चूक करतो : दुरून अर्धे बसणे घेतो आणि जवळून उरलेले अर्धे. मग जोडताना मधला क्षण कोठेच सापडत नाही. योग्य पद्धत अशी की, दोन्ही वेळी मुलीने चालत येण्यापासून बसून स्थिर होईपर्यंतची संपूर्ण क्रिया करावी. संकलक दोन्ही शॉट शेजारी ठेवून असा क्षण शोधतो की जेव्हा दोहोंत तिचे गुडघे सारखेच वाकलेले आहेत, आणि तेथे काप घेतो. हालचाल सुरू झाल्यानंतर व ती पूर्ण होण्याआधी घेतलेला काप डोळ्यास कळत नाही, कारण डोळा त्या वेळी हालचालीचा पाठलाग करण्यात गुंतलेला असतो. मुलगी बसून गेल्यानंतर स्थिर चित्रावर घेतलेला काप मात्र लगेच खटकतो. संगणकावर हे दोनचार चित्रे पुढे-मागे सरकवून पाहता येते. सेकंदाला २४ किंवा २५ चित्रे असतात. त्यांतील तीन चित्रांचा फरकसुद्धा पडद्यावर जाणवतो, हे विद्यार्थ्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले की त्याला या कामाची गोडी लागते.

यासाठी प्रत्येक शॉटच्या आरंभी व अखेरीस चारपाच सेकंद अधिक चित्रण करावे. फिल्मच्या काळात हे सोपे नव्हते. १६ मिलिमीटरची १०० फूट फीत सेकंदाला २४ चित्रांच्या वेगाने २ मिनिटे ४६ सेकंदांत संपत असे, आणि विद्यार्थ्याच्या वाट्याला येणारी फीत मोजून दिलेली असे. त्या टंचाईमुळे मुले आधी विचार करीत आणि मग कळ दाबीत. आज मोबाईलमध्ये तासन्‌तास चित्रण होते. विचार मात्र संकलनापर्यंत लांबणीवर टाकला जातो. शिक्षकांनी प्रत्येक शॉट फार तर तीनदा घेण्याची मर्यादा घालून दिली तर ती जाचक वाटली तरी उपकारक ठरेल.

मॉस्को येथे १९१९ मध्ये स्थापन झालेल्या जगातील पहिल्या चित्रपट विद्यालयात तर कच्ची फीतच मिळत नसे. तेथील अध्यापक लेव्ह कुलेशॉव्ह यांनी विद्यार्थ्यांकडून 'फितीवाचून चित्रपट' करवून घेतले : कॅमेऱ्यासमोर करावयाचा प्रसंग शॉटशॉटने रंगमंचावर करून दाखवावयाचा. पुठ्ठ्यात चौकोनी खिडकी कापून तिच्यातून पाहण्याचा सराव आपल्याकडील कोणत्याही शाळेत एक पैसा खर्च न करता होऊ शकेल.

घड्याळ, सावली आणि नोंदवही

चित्रण तुकड्यांनी होते आणि मधल्या काळात जग थांबत नाही, हे सलगतेपुढील मोठे संकट आहे. सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'ची कथा या बाबतीत प्रसिद्ध आहे. २७ ऑक्टोबर १९५२ रोजी त्यांनी काश गवताच्या पांढऱ्या फुलोऱ्यात अपू आणि दुर्गा यांच्या प्रसंगाचे पहिले चित्रण केले. निम्मे काम झाले. पुढच्या आठवड्यात मंडळी परत गेली तो फुलोरा गुरांनी खाऊन टाकलेला! दुसरे शेत शोधून चालणार नव्हते, असे नाही. पण तसाच फुलोरा हवा होता. उरलेल्या प्रसंगासाठी पुढील वर्षाच्या बहराची वाट पाहावी लागली. पैशांअभावी काम थांबत-थांबत चालले आणि चित्रपट १९५५ मध्ये पडद्यावर आला. मधल्या काळात मिठाईवाल्याची भूमिका करणारे गृहस्थ वारले. राय यांनी त्याच अंगलटीचा दुसरा माणूस शोधला आणि त्याला पाठमोरा चित्रित केला. बांबूच्या बनातून समोर येणारा मिठाईवाला एक आहे आणि पाठ करून शेजाऱ्यांच्या घरात शिरणारा दुसरा. भुलो नावाच्या कुत्र्याचेही तसेच झाले. त्याच्या जागी त्याच्यासारखाच दुसरा कुत्रा आणावा लागला. पाहणाऱ्यांना हे कळत नाही, कारण दिशा, अंतर आणि हालचाल जुळलेली आहे.

आपल्या एका मिनिटाच्या चित्रपटात एवढे संकट येणार नाही, पण छोटी संकटे येतील. अर्ज मुलीच्या कोणत्या हातात होता? वेणी खांद्याच्या पुढे होती की मागे? टेबलावरील चहाचा कप किती भरलेला होता? खिडकीतून पडलेला उन्हाचा पट्टा सकाळी भिंतीवर असतो आणि दुपारी जमिनीवर उतरतो. भिंतीवरचे घड्याळ तर सर्वात मोठा चुगलखोर! कार्यालयातील घड्याळाकडे एरवी कोणाचे लक्ष नसते. चित्रपटात मात्र सव्वादहा, पावणेएक आणि पुन्हा साडेदहा असे वाजलेले सगळ्यांना दिसते. ते काढून ठेवावे. प्रत्येक गटात एका विद्यार्थ्याकडे केवळ नोंदीचे काम असावे : शॉटचा क्रमांक, कितव्यांदा घेतला, कोणता चांगला, हातात काय, अंगावर काय. ज्यांचा जन्म आवक-जावक नोंदवहीत गेला त्या आपल्या वाचकांना या कामाचे महत्त्व पटवून द्यावयास नको. प्रस्तुत लेखकाच्या मते गटातील सर्वात चौकस मुलाला कॅमेरा न देता ही वही द्यावी.

मोबाईलच्या कॅमेऱ्याबाबत एक सूचना आवश्यक आहे. तो प्रकाश आपोआप जुळवून घेतो आणि नेमकी हीच सोय सलगतेला मारक ठरते. मुलगी दारातून येताच मागच्या उन्हामुळे खोली एकदम काळी पडते आणि दार मिटताच पुन्हा उजळते. म्हणून प्रकाश आणि केंद्रबिंदू चित्रणापूर्वी बांधून ठेवावा. बहुतेक मोबाईलमध्ये पडद्यावर बोट दाबून धरले की हे साधते. आपल्याकडील वीज ५० आवर्तनांची असल्याने ट्यूबलाइटखाली सेकंदाला २५ चित्रे व १/५० सेकंदाचा शटर ठेवल्यास लुकलुक टळते. तिपाई नसेल तर वाळूची पिशवी टेबलावर ठेवून तिच्यावर कॅमेरा बसवावा. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' करण्यापूर्वी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चित्र घेऊन टिपली होती. बीजापासून वेलापर्यंतचा तो प्रवास पडद्यावर काही क्षणांत उलगडला, तो कॅमेरा दिवसेंदिवस जागचा न हलविल्यामुळेच.

ध्वनीची सलगता बहुधा विसरली जाते. प्रत्येक खोलीला तिची म्हणून एक शांतता असते : पंख्याची घरघर, दूरचा ट्रॅक्टर, कावळे. सर्वांना गप्प बसवून ती मिनिटभर स्वतंत्रपणे मुद्रित करावी आणि संकलनात सर्व शॉटखाली पसरावी. जोड पुष्कळसे त्यानेच झाकले जातात. तसेच सरपंचांचा प्रश्न मुलीच्या चेहऱ्यावरच सुरू करून मग सरपंचांना दाखवावे. संवाद चेहऱ्याबरोबर कापला की तो प्रश्नोत्तरांच्या तक्त्यासारखा वाटतो.

जोडलेले आणि घडलेले

पुण्यात ज्या जागेवर १९३३ पासून प्रभात फिल्म कंपनीचा स्टुडिओ होता, तेथे १९६० मध्ये केंद्र शासनाची चित्रपट-शिक्षण संस्था उभी राहिली. तेथे व अन्यत्र शिकलेल्या अनेकांनी पुढे सलगतेचे नियम हेतुपुरस्सर मोडले आहेत. फ्रान्सचे गोदार यांनी तर १९६० च्या 'ब्रेथलेस'मध्ये अडखळणाऱ्या कापांचीच शैली केली. नियम जाणून मोडणे आणि न जाणता मोडणे यांतील फरक प्रेक्षकाला पहिल्या पाच मिनिटांत कळतो, म्हणून त्याची अधिक चर्चा येथे नको. माहितीपट करणाऱ्यांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे.

कुलेशॉव्ह यांनीच केलेला एक प्रयोग असा : एक पुरुष आणि एक स्त्री मॉस्कोच्या निरनिराळ्या भागांत चालत येतात, भेटतात, एका दिशेस पाहतात आणि पायऱ्या चढून एका भव्य इमारतीत जातात. इमारत होती वॉशिंग्टनचे व्हाइट हाऊस, एका अमेरिकन चित्रपटातून कापून घेतलेली. पायऱ्या मॉस्कोच्या एका चर्चच्या. जगात कोठेही नसलेली ती जागा पडद्यावर मात्र निःसंशय होती.

आता कल्पना करा, गावच्या पाणीपुरवठ्यावरील चित्रपटात आधी नवी टाकी दिसते आणि लगेच नळाखाली भरणारी घागर. टाकीचे पाणी या नळाला आले, असे निवेदक म्हणत नाही. तो काप म्हणतो. घागर शेजारच्या गावातील असेल तर निवेदनातील एकही वाक्य खोटे नसताना चित्रपट खोटा ठरतो. कथापटात मिठाईवाला बदलणे हे कौशल्य आहे. माहितीपटात नळ बदलणे ही फसवणूक आहे, आणि ती फार काळ टिकतही नाही, कारण ग्रामसभेत चित्रपट पाहणारी माणसे आपला नळ, आपली भिंत आणि आपली घागर ओळखतात. निरनिराळ्या ठिकाणचे वा काळाचे शॉट जोडणे अपरिहार्य असेल तर गावाचे नाव आणि महिना-वर्ष पडद्यावर लिहावे. सलगतेचा सराव केलेल्या विद्यार्थ्याला जोड कोठे लपतो हे ठाऊक असते. म्हणून तो कोठे लपवू नये हेही त्यालाच नेमके सांगता येते. पंचायतीने आपल्या कामाची चित्रफीत करावयास देताना संकलकाला ही अट लेखी घालण्यास हरकत नाही.

संकलन पूर्ण झाल्यावर चित्रपट प्रथम आवाज बंद करून पाहावा. नंतर चित्रणाच्या वेळी हजर नसलेल्या एखाद्यास, शिपाईमामांना किंवा दुसऱ्या वर्गातील मुलाला, तो एकदाच दाखवून हाती कोरा कागद द्यावा आणि खोलीचा आराखडा काढावयास सांगावे : दार कोठे, टेबल कोठे, कोण कोणाकडे तोंड करून बसले आहे. आराखडा खऱ्या खोलीशी जुळला तर सराव साधला. न जुळल्यास वाद न घालता, नेमके कोठे गोंधळ झाला एवढेच विचारावे आणि तेवढाच शॉट दुसऱ्या दिवशी त्याच वेळेस, तेच ऊन असताना, पुन्हा घ्यावा. मुलीच्या वेणीला कोणत्या रंगाची रिबीन होती ते वहीत असतेच.